फूट

औशात, आमच्या परड्यात टेप पडला.
"साडेअकरा फूट झाली," चाँदपाशा मिस्त्री ओरडला.
झाली नाही रे, झाले.

मी शाळेत हेच शिकवतो:
फूट म्हणजे पाऊल, कुण्या साहेबाचं,
टाच ते अंगठा.
आपला पाय त्याच्याच भावकीतला;
कधीकाळी तिकडं प चा फ झाला
न् घरं वेगळी पडली.

खुंटीपलीकडं नागूअण्णा, अनवाणी.
डावी करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली,
आईची होती तशी.
माझी बुटात.

मिस्त्रीनं चुन्याची रेघ ओढली.
एक कोंबडी ती ओलांडून आली, गेली.
"मास्तर, लिहून घ्या. किती फूट झाली?"

खडूच्या सवयीनं बोट उचललं.
मग म्हणालो,
झाली.