दोन हात वर

हसुरामने होडी चिखलात टेकवली,
काठीने एक रेघ ओढली.
"तंबू हिच्या वर, दोन हात. आज पुनव हाय."
आणि वल्हवत दिवाळ्याला परत. भाडं उद्या.

बेट कसलं,
तिवरांमागचा शिंपल्यांचा उंचवटा.
खुंट्या धरेनात,
शेवटी पाण्याचे कॅन बांधले चारी कोपऱ्यांना.
निवट्या डोळे वटारून बघत होत्या.

अंधार पडला तशी शाल्मलीने बोट दाखवलं:
"आई, तो आपलाच मजला ना?"
नेरूळ. सोळावा. स्वयंपाकघरातला दिवा
मी विसरलेला.
"मग आत कोण आहे?"

बारानंतर पाणी रेघेशी आलं, थांबलं नाही.
हातभर चढलं, एक चप्पल उचलली,
कुणी हाक मारल्यासारखं माघारी वळलं.
मी जागी. पलीकडे
ओट्याशी कुणी उभी असेल,
दूध उतू जाऊ नये म्हणून,
खाडीकडे पाठ करून.

उजाडल्यावर दिवा दिसेना.
हसुराम आला. रेघ पुसलेली.
"माझी चप्पल गेली," शाल्मली म्हणाली, "एकच."
तो दोर सोडवत हसला,
"टाक दुसरीपन.
खाडीला तरी जोडी होऊंदे."