चिकटपट्टी

दवाखान्याच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी
दर मंगळवारी दहाला मी उभा असतो.
खोक्यात क्षयाच्या गोळ्या, इन्सुलिन, बर्फाची पिशवी,
वजन एक किलो आठशे.
कवठपाडा इथून दिसतो,
म्हणजे त्याच्या डोक्यावरचा ताड दिसतो.
सरळ रेषेत सात मिनिटं.
पायी गेलं तर ओढा, बिबट्याची वाट,
आणि फाटकावरचा पहारेकरी, जो विचारतो, कुठले तुम्ही?
मुंबईचेच, म्हटलं की हसतो.

पहिल्या दिवशी ड्रोन उतरलाच नाही.
स्क्रीनवर एक म्हातारा, गलोल ताणलेला,
मग आभाळ, मग फांद्या.
एक पातं गेलं. गोळ्या वाचल्या.
संध्याकाळी आशाताईंचा फोन, जानकी उंबरसाडा:
"दादा, रमशाबाबावर रागावू नका.
गेल्या साली असंच एक घोंघावत आलेलं,
झोपड्या मोजून गेलं.
पंधरा दिवसांनी जेसीबी.
आवाज तोच ना.
माणसानं ओळखायचं कसं?"

मी कंपनीला लिहिलं, काहीतरी करा.
कंपनीनं हिरवं स्टिकर पाठवलं.

पुढच्या मंगळवारी उतरला,
चुन्याच्या गोलात, कोंबड्यांच्या मधोमध.
म्हातारा आला, वाकला.
स्क्रीनभर त्याचा एक डोळा,
मोतीबिंदूनं दुधाळलेला.
ओठ हलले. आवाज आमच्याकडे येत नाही,
जानकीनं नंतर सांगितलं.
"ह्याला डोळा हाय?"
"हाय, बाबा."
"मग मिटव."

तिनं पिशवीतून चिकटपट्टी काढली,
ड्रेसिंगचीच,
दातानं तोडली, लावली.
पांढरं.
विणीचे धागे मोजता यावेत इतकं जवळून पांढरं.

यंत्राला घरची वाट पाठ असते,
उतरायला पोटाखालचा सेन्सर पुरतो.
तरी सात मिनिटं मी श्वास धरून
त्या पांढऱ्याकडे बघत बसलो.
खोक्यात थुंकीच्या सहा बाटल्या
आणि पळसाच्या पानात बांधलेली शेवळं,
ज्यांना नोंदवहीत रकाना नाही.

दुरुस्तीवाला म्हणाला, काढतो ही पट्टी.
म्हटलं, राहू दे.
जखम आहे. भरायला वेळ लागेल.

शेवळं घरी नेली.
त्यात काकडं घालावी लागतात, हे ठाऊक नव्हतं.
रात्रभर घसा खाजत राहिला.
सकाळी जानकीला फोन केला,
ती हसली,
मागे कुणीतरी म्हातारंही हसलं.