सुलतानाचा दात

आमच्या गावाशेजारी दिल्लीच्या एका सुलतानाचा दात पुरलाय.
अख्खा सुलतान नाही, दातच.
करजणीच्या टेकडीवर दगडी घुमटी आहे,
दुपारी तिच्या सावलीत शेळ्या बसतात.

वरंगळहून परतत होता म्हणं, आजारी फौज घेऊन,
आणि इथं, बालाघाटाच्या पायथ्याशी, त्याची दाढ ठणकली.
काढली, पुरली, वर घुमट बांधला, निघून गेला.
जाणारे आमच्याकडं असंच काहीबाही ठेवून जातात.

घाट उतरताना गाव पटकन दिसत नाही.
खळग्यात आहे, बिळात बसल्यासारखं, म्हणून बीड,
असं मोंढ्यातले हमाल सांगतात.
मौलवीसाहेब म्हणायचे, अरबीत बीर म्हणजे विहीर.
देवळातला गुरव म्हणतो, खरं नाव चंपावती.
आम्ही तिघांनाही हो म्हणतो.
वाटेवरच्या गावानं हुज्जत घालू नये, गिऱ्हाईक तुटतं.

घाट चढायचा तर लागतं काय?
पाणी. आणि अंधार पडला तर हाताशी काहीतरी.
म्हणून दोनच वस्तू आम्ही मन लावून केल्या:
चामड्याची छागल,
आणि काठीच्या पोटात पातं लपवलेली गुप्ती.

छागल शिवायची भागुबाई वाघमारे, माझ्या बापाची आत्या.
टाका फार आवळू नको, म्हणायची,
थोडं पाझरू दे. पाझरतं म्हणूनच गार राहतं.
समोर मकदूम सिकलगर, भात्याच्या धुरानं डोळे लाल:
"गुप्ती ऐसी होना, की मालिक भी भूल जाए."

संस्थान बुडालं त्या भादव्यात
बऱ्याच मालकांना आठवण झाली.

पुढचं गॅझेटियरात नाही, बापाकडून ऐकलं तेवढंच.
भागुबाईनं मकदूमच्या दुकानाला बाहेरून आपलं कुलूप घातलं,
पायरीवर ओली कातडी पसरली.
वासानं कुणी जवळ फिरकलं नाही.
तीन रात्री कौल सरकवून छागल आत सोडली.
चौथ्या दिवशी दार उघडलं तर तो म्हणाला,
"बाई, टाका ढीला है, सारी रात टपकती."
एवढंच.
आभार वगैरे आमच्यात मानत नाहीत.

बाप एसटीवर ड्रायव्हर, बीड–सोलापूर.
मांजरसुंब्याच्या घाटात दुसऱ्या गिअरवर गाडी रडायला लागली
की तिच्याशी बोलायचा, बैलाशी बोलतात तसं.
वर पोचला की बॉनेट उघडून आधी तिला पाणी पाजायचा,
मग आरशाला टांगलेली छागल स्वतःच्या तोंडाला लावायचा,
डोळे मिटून, खाली गाव आहे तिकडं पाठ करून.

आता चौपदरी रस्ता आम्हाला वळसा घालून जातो.
आगगाडीही आली, तिची वाट पाहणारे संपल्यावर.
मुसाफिर काचा वर करून झोपेतच पुढं निघून जातात.
दाढसुद्धा दुखत नाही कुणाची.

छागल माझ्याकडं आहे. कातडं लाकडासारखं कडक झालंय.
गेल्या चैत्रात रात्रभर हौदात भिजत घातली,
सकाळी भरून ओसरीच्या खिळ्याला टांगली.
दुपारी पाहिलं,
खाली फरशीवर भाकरीएवढी ओल,
आणि शेजाऱ्यांचं मांजर
तिच्यावर पोट टेकून झोपलेलं.