पुढचा प्रश्न

खानापुरात पहाटेचे साडेपाच,
वैजूकडे ओहायोत अजून कालची संध्याकाळ.
प्रश्न मी लाइटबिलाच्या पाठीवर उतरवून घेतलेत.
पुढच्या बाजूचं कानडी
बोलतो धडाधड, वाचतो अजून बोट ठेवून.

"सिनेटर किती?"
"शंभर."
बरोबर, म्हणतो मी. मला कुठं ठाऊक?
तिचा आवाज डळमळला नाही, म्हणजे बरोबर.

"शपथ घेताना काय सोडायचं?"
"बाकीच्या देशांवरची निष्ठा."
इथं ती पाणी पिते.

दूध घालायला आलेला बसवंतप्पा उंबऱ्यातच बसलाय.
"एवढी शिकलेली पोरगी, अन् परत परीक्षा?"
तिकडं विचारून घेतात गा, म्हटलं.
आमच्या आईला कुणी विचारलं नव्हतं.
रोप लावलं तेव्हा मुंबई राज्य,
कापणीला उतरली तर म्हैसूर.
बांध तोच. कोयताही तोच,
मुठीला चिंधी गुंडाळलेला.

छत्तीस वर्षं मी टपाल वाटलं.
पत्त्यात कुणी महाराष्ट्र लिही, कुणी कर्नाटक,
कुणी दोन्ही खोडून नुसतंच
मलप्रभेच्या पुलाजवळ.
राज्य चुकलं म्हणून
एक पाकीट परत धाडलं नाही.

"तुमच्या राज्याची राजधानी कोणती?"
"कोलंबस," वैजू म्हणाली. मग हसली,
"आता तुम्ही सांगा, पप्पा. तुमच्या?"

बसवंतप्पानं किटलीचं झाकण लावलं,
पुन्हा काढलं.
मी बिल जरा उजेडाकडं धरलं
आणि म्हटलं, पुढचा प्रश्न.