अकरा फूट

वासणा रोडच्या नव्या फ्लॅटमध्ये
भिंतीत बसवलेल्या तीन फळ्या आहेत.
टेपनं मोजल्या. तिन्ही मिळून अकरा फूट.
दांडिया बाजारातल्या घरी
पुस्तकं एकोणचाळीस फूट भरली,
पलंगाखालची सोडून.

म्हणजे अठ्ठावीस फूट जायला हवीत.
रेल्वेच्या हिशेब खात्यात चौतीस वर्षं काढली मी,
वजाबाकीला घाबरत नाही,

असं सकाळी म्हटलं होतं.

शब्दकोश आधी गेले.
जड होते, आणि हे हल्ली शब्द अडला की
फोनलाच विचारतात,
बहिऱ्या माणसाला विचारावं तसं ओरडून.
दिवाळी अंक गेले, सुतळीत आवळून;
एका मुखपृष्ठावरची बाई
गठ्ठ्यातून एका डोळ्यानं बघत राहिली.
नचिकेतला शाळेत मिळालेली बक्षिसं गेली,
न वाचलेली,
आतल्या चिठ्ठीवर ‘उत्तेजनार्थ’ अजून ताजं.

मग नियम केला: दोनदा वाचलेलं तेवढं ठेवायचं.
दुपारच्या चहानंतर तो फिरवला.
दोनदा वाचलेलं तर आहेच माझ्याकडे,
एकदाच वाचलेलं ठेवू.
संध्याकाळपर्यंत दोन्ही ढीग
सारख्याच उंचीचे.

विश्वामित्रीचं पाणी खालच्या फळीला लागलं
त्या वर्षीचं एक पाकपुस्तक आहे.
पावासारखं फुगलंय. लोणच्यापासून बासुंदीपर्यंत
सगळी पानं एकजीव. उघडतच नाही.
ठेवलं.
हे म्हणाले, “कशाला?”
म्हटलं, न उघडणाऱ्या गोष्टी
या घरात मी आधीही सांभाळल्यात.
ते पेपरात शिरले.

रमणीकभाई पस्तीवाला काटा घेऊन आला.
तो मराठी नावं गुजराती डोळ्यांनी वाचतो,
वरची रेघ जरा बाजूला करून,
दोरीवरची साडी सारून पलीकडे बघावं तसं.
“बेन, आ कविता छे?”
हो.
“पातळी छे. वजन नहीं थाय.”
आणि माझ्याच हातात परत दिली.
अशी सात वाचली.

मैथिली मधोमध फतकल मारून
प्रत्येकाचं पहिलं पान तेवढं उघडत होती.
नातीला नावं हवी होती, गोष्टी नकोत.
कुणी कुणाला, कधी, सप्रेम का नुसतंच.
‘ळ’ला अडखळत नाही ती,
तेवढा गुजरातीनं शिकवलाय.
“आजी, हेमलता कारखानीस कोण?”

प्रवासवर्णन. हिरवी कापडी बांधणी.
आत निळ्या शाईत नाव, आणि खाली
‘परत करण्याच्या बोलीवर’.
बोलीला सत्तेचाळीस वर्षं झाली.
मधल्या काळात हेमलता मला लग्नांत भेटली,
बँकेच्या रांगेत भेटली,
सुरसागराशी शेवउसळ खाताना
नाकातून पाणी येईस्तोवर हसलो आम्ही.
दर वेळी पुस्तक आठवायचं.
दर वेळी मी तिच्या सुनेची चौकशी करायचे.

एकोणचाळीस फुटांतला पाऊण इंच
माझा नव्हताच.

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून हरणीला गेले.
दार तिनंच उघडलं.
मागे खोलीभर खोकी, सुतळी,
गुडघ्यांना धूळ.
पुस्तक उलटंसुलटं केलं, नाव वाचलं,
“अक्षर बरं होतं गं माझं,” म्हणाली.
बाकी काही आठवेना तिला.
मग आत गेली, बराच वेळ खुडबुडली,
आणि दोन घेऊन आली,
जाडजूड, दोन्हींवर
माझं लग्नाआधीचं नाव.

मी म्हटलं, राहू दे की तुझ्याकडे.

“छे गं,” ती म्हणाली,
“मला सातच फूट आहेत.”