साठातले सतरा

निकाल मोबाईलवर उघडेना,
म्हणून बाबा नि मी हुद्दारांच्या सायबरमध्ये गेलो.
एकच खुर्ची रिकामी, तिच्यावर आम्ही अर्धे अर्धे.
फिजिक्स बत्तीस. केमिस्ट्री छत्तीस.
मॅथ्स, साठातले सतरा.
हुद्दारांनी आकडा वाचला नाही,
माउसचा बाण फक्त त्याच्या शेजारी नेऊन ठेवला.

रँक शहात्तर हजार नऊशे चार.
बाबांनी विचारलं, "म्हणजे आपल्या पुढं किती लोक?"
मी वजाबाकी केली. ती मला आली.
"शहात्तर हजार नऊशे तीन."

संध्याकाळपर्यंत ज्यानं त्यानं एकेक सबब आणून दिली,
आजाऱ्याला मोसंबी आणतात तशी.
काका म्हणाले, दहावीपर्यंत मराठीत शिकलेली पोर,
पेपर इंग्लिश नाहीतर कन्नड, करणार काय ती?
खोटं नव्हतं ते.
त्रिज्या, लसावि, छेदनबिंदू
मी अनगोळच्या शाळेतच ठेवून आले होते,
आणि पीयूसीचे पहिले चार महिने
रेडियसला मनातल्या मनात
जुन्याच नावानं हाक मारत होते.
पण माझ्याच बाकावरच्या संपदा कणबरकरला
अठ्ठेचाळीस पडलेत.
तिचीही त्रिज्याच होती.

मोसंबी मी सोलली नाही.
व्हेक्टरचा धडा मी उघडलाच नव्हता.
शेवटच्या एकतीस प्रश्नांना सरसकट 'सी' रंगवला होता,
कुणीतरी सांगितलं म्हणून.
त्यातले सात तरी बरोबर निघाले असणार.
म्हणजे माझे स्वतःचे दहा.
हे घरात अजून कुणाला माहीत नाही.

शेजारच्या गिरिजक्का दारातूनच म्हणाल्या, "पर्वागिल्ल."
दिवसभरात तेवढा एक शब्द
मला भाषांतर न करता कळला.

बाबा उद्यमबागेत लेथवर.
बावीस वर्षं शाफ्ट कातताहेत,
केसाएवढा फरक बोटाला कळतो त्यांच्या.
रात्री ताटाकडं बघत ते म्हणाले,
"जॉब जादा राहिला तर आणि एक कट मारता येतोय.
कमी झाला की झाला.
भर घालता येत नाही त्याला. लाल पेटीत टाकायचा."
मग त्यांच्या लक्षात आलं, आपण काय बोललो.
आईनं आमटीची वाटी
उगाचच त्यांच्याकडं सरकवली.

ऑप्शन एन्ट्रीची शेवटची रात्र.
कॉम्प्युटर सायन्स पाचदा खाली ओढलं, पाचदा वर.
वरती बेळगावची कॉलेजं, नवस बोलल्यासारखी,
मध्ये चिक्कोडी, निपाणी,
आणि त्याखाली अशी गावं
ज्यांचं तिकीट किती ते बाबांनाही ठाऊक नव्हतं.
मॉक अलॉटमेंटला माझ्या नावापुढं नुसती रेघ.
खऱ्या फेरीत सिव्हिल, निपाणीत.
घ्यायचं, की थांबायचं, की सोडून द्यायचं,
चार दिवसांत एका गोलावर क्लिक करायचं.
चार पर्याय. 'सी' होताच त्यात.

परत येताना चौथ्या गेटला अडकलो.
मालगाडी. बाबांनी स्कूटर बंद केली.
फीचा कागद माझ्या ओढणीत, गुंडाळी झालेला.
कुणीच काही बोललं नाही.
शेवटचा डबा गेल्यावर ते म्हणाले,
"अठ्ठावन्न."
"एकोणसाठ," मी म्हणाले.
"छे. मी मोजलो नव्हं."
"मीबी मोजलो की."
"इंजिन धरून?"
गेट वर चाललं होतं. मागचे हॉर्न मारत होते.
"धरूनच की. तेबी चालतंय नव्हं रुळावरनं?"
"इंजिन म्हणजे डबा नव्हं," किक मारत ते म्हणाले,
आणि घर येईपर्यंत आम्ही
त्यावरच भांडत गेलो.