लिहून देणार

बेळगावच्या कोर्टासमोर रेनट्रीखाली
एक टेबल, एक लॅपटॉप, छत्री अडकवायला तारेचा आकडा.
बत्तीस वर्षं मी इथं लोकांचं लिहून देतो.
कानडीतलं मराठीत, मराठीतलं इंग्रजीत,
भावाभावांच्या वाटण्या, हरवलेल्या मार्कशीटा,
मेलेल्यांचे हयात वारस.

गौतमीचा फोन आला दोहाहून.
बाबा, अविवाहित असल्याचा दाखला पाहिजे.
कशाला?
लग्न करायला.
मी म्हणालो, बरं.
मार्जिन किती सोडायचं, विचार त्यांना.

एस्तेबान. उरुग्वेचा. तिच्याच इस्पितळात एक्स-रे काढतो.
बायको नाही तोवर त्याला तिला घरी नेता येत नाही,
आणि इथं येऊन महिनाभर नोटीस लावून बसायला
दोघांनाही रजा नाही.
मधेच कुठंतरी तिबिलिसी म्हणून शहर आहे,
दोन पासपोर्ट, दोन साक्षीदार,
तासाभरात लग्न लागतं म्हणे.

जन्मदाखल्यावर बेळगावी.
पासपोर्टवर बेळगाव.
तिकडच्या कोणा बाईनं मेलवर विचारलं,
ही दोन वेगळी गावं आहेत का?

मी वीस रुपयांचा स्टॅम्प घेतला.
'सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की
सदरची दोन्ही नावे एकाच गावाची असून
त्याबाबत कोणाचीही तक्रार नाही.'
नोटरी हिरेमठ चष्म्यावरून बघत राहिले.
सर्वोच्च न्यायालयात इतकी वर्षं पडलेलं प्रकरण, बिर्जे,
तुम्ही वीस रुपयांत मिटवलं.
आणि शिक्का मारला.

दुसरा कागद लहान होता.
'माझी मुलगी आजमितीस अविवाहित आहे.'
आजमितीस.
हा शब्द मी हजारदा तरी टाइप केला असेल.
चहा मागवला. चहा गार झाला.
फी माझ्याच गल्ल्यात टाकली,
सवयीनं पावतीही फाडली.

मालन म्हणाली, लगीन नव्हं ते, सही हाय.
हळद नाही, मांडे नाहीत,
व्याही कोण, तर फोटोतला टोपीवाला म्हातारा.
तरी शहापूरची साडी तिनंच पाठवली,
फॉलबिडिंग करून.

तिकडं अकरा चाळीस, इथं एक दहा.
कोर्टाची जेवणाची सुट्टी.
फोन शिक्क्याच्या डबीला टेकवून ठेवला.
साक्षीदार एक नेपाळी नर्स
आणि बाहेरून बोलावलेला टॅक्सीवाला.
थंडी असणार, गौतमीच्या अंगावर कोट,
कोटाखालून साडीचा नुसता काठ.
सही करायला ती वाकली
आणि नेटवर्क गेलं.

परत आलं तेव्हा झालेलं होतं.
हिरेमठांनी विचारलं, मदुवे आयिता?
आयितु, म्हणालो मी.
मराठीत सांगायला मला
घरी जाईपर्यंत वेळ लागला.

दाखल्याचा फोटो आला.
गोल गोल अक्षरं, पहिल्या नजरेला वाटलं कानडीच.
बोट ठेवून वाचायला गेलो,
एक अक्षर लागेना.
दोन लिप्यांवर पोट भरलेला माणूस मी,
तिसरीत मुलीचं नाव कुठंय ते शोधत बसलो.
किती वेळ बघूलालासा, मालन म्हणाली,
आणि स्वतःच चष्मा लावून शेजारी बसली.

आता व्हिसावाल्यांना पुरावा पाहिजे
की हे लग्न खरं आहे.
फोटो, घरभाड्याचा करार, विमानाची तिकिटं,
आणि मुलीच्या घरच्यांचं पत्र.

लिहून देणार: मारुती यल्लाप्पा बिर्जे,
वय एकसष्ट, धंदा लिखापढी.
इथपर्यंत हात सरळ चालला.
पुढं 'कारणे लिहून देतो की'
आणि पुढं काही नाही.
स्टॅम्पवर चालणारं एकही वाक्य आठवेना.

भाकरी थापता थापता मालन आतून म्हणाली,
लिवा की,
तिला झोपंत पाय उघडं लागत्यात म्हणून.
त्यो पांघरूण घालंल मायेनं,
आन् ही रातभर चिडंल.
आधी सांगून ठेवलेलं बरं.

इंग्रजीत हे कसं लिहायचं,
अजून बघतोय.